मिल्टनचे पाटील

"तुमचं देवघर आहे ना, तिथं आमची डुकरं असायची."

पाटील आमच्या घरात पहिल्यांदा आले तेव्हाचं हे वाक्य. कॅनडातल्या मिल्टन गावात, नव्या घरातला आमचा पहिलाच रविवार होता, बायको नुकतंच निरांजन लावून उठली होती, आणि ॲपल पाय घेऊन आलेला हा उंचापुरा गोरा म्हातारा देव्हाऱ्याकडे कौतुकानं बघत उभा होता. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट ती शिफारस होती. "बेस्ट स्पॉट," ते म्हणाले, "कितीही बर्फ वितळू दे, इथं कधी पाणी साचलं नाही."

त्यांचं नाव हर्ब. 'पाटील' हे आमच्या रस्त्यावरच्या मराठी मंडळींनी ठेवलेलं. ज्याच्या खापरपणजोबानं जंगल तोडून जमीन केली, त्याला दुसरं काय म्हणणार? अर्थ समजल्यावर ते इतके खूश झाले की नव्यानं आलेल्या गुजराती कुटुंबाला त्यांनी स्वतःची ओळख "आय ॲम द पाटील" अशी करून दिली.

बिल्डरनं सोन्यासारख्या शेताची माती केली, असं ते येता-जाता सांगत. बिल्डरला शेत विकलं कुणी, हे मात्र त्या गोष्टीत येत नसे. विकलं त्यांनीच, आणि मग त्यातल्याच एका तुकड्यावरचं कोपऱ्यातलं घर रांगेत उभं राहून विकत घेतलं. बायको आम्ही येण्याआधीच वारली होती, मुलगी दूर कॅलगरीला असे. त्यामुळे ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्यानं काढताना जो कुणी हाताशी सापडेल, त्याला ते योहानची गोष्ट ऐकवत.

योहान म्हणजे तो खापरपणजोबा. जर्मनीतून एक कुऱ्हाड घेऊन निघाला, इंग्रजीचा शब्द येत नव्हता, एका स्कॉटिश माणसाकडे राबला आणि मग स्वतःची जमीन केली. दर हिवाळ्यात योहाननं तोडलेली झाडं जाडजूड होत आणि बोटीतलं वादळ वाढत जाई. बंदरावरच्या कारकुनानं त्याच्या आडनावातलं एक अक्षर खाल्लं. पहिल्या महायुद्धात जर्मन वाटू नये म्हणून घरच्यांनी आणखी एक काढून टाकलं. आता बिल्डरनं रस्त्याला त्यांचं आडनाव दिलं, त्या पाटीवर तिसरं गायब. "अजून शंभर वर्षांनी आमचं फक्त 'एच' उरेल," पाटील म्हणत.

परदेशातून येणाऱ्यांबद्दल त्यांची मतं पक्की होती. कॅनडानं दार उघडलं ते योग्यच झालं, फक्त योहान आत आल्यावर लगेच लावून घ्यायला हवं होतं. "तुम्ही वेगळे," असं ते आम्हाला सांगत. गुजराती कुटुंबालाही हेच सांगत. आमच्या फोडणीचा वास आला की खिडकी बंद करत आणि दुसऱ्या दिवशी, योहानच्या आंबवलेल्या कोबीला शेजारचे स्कॉटिश लोक कसे नाकं मुरडत, हे डोळ्यांत पाणी आणून सांगत.

मग अमरावतीहून माझी आई आली. पाटलांना असा श्रोता आयुष्यात मिळाला नव्हता. आईला इंग्रजी येत नसल्यामुळे ती मध्ये बोलत नसे. ते सांगत, मी मराठीत सांगे, आई मान हलवे. वादळ झालं, कुऱ्हाड झाली, पहिलं लाकडी ओंडक्यांचं खोपटं झालं. मग आई म्हणाली, "अन् बायको? तिचं नाव काय होतं, विचार बरं."

मी विचारलं. पाटील बोलायला लागले आणि थांबले. "ग्रेट-ग्रेट-ग्रँडमा म्हणायचो आम्ही," ते म्हणाले. मग एकदम उठून आम्हाला रस्त्याच्या टोकाला घेऊन गेले. तिथं घरांच्या मधोमध, कुंपण घालून राखलेलं त्यांच्या घराण्याचं छोटं दफनस्थान होतं. योहानच्या दगडावर त्याचं नाव, गाव, बायबलमधलं वचन. शेजारच्या बुटक्या दगडावर एवढंच कोरलेलं: 'योहानची पत्नी'.

पाटील वाकून बराच वेळ दगडाच्या मागच्या बाजूला नाव शोधत होते. मग चिडून माझ्याकडे वळले. "तुझ्या पणजीचं नाव सांग बघू!"

मी आईकडे पाहिलं. "सगळे माईच म्हणायचे," आई हळूच म्हणाली.

त्या हिवाळ्यात योहानची गोष्ट बंद पडली. पाटील चर्चमध्ये जाऊन आले, नातेवाइकांना फोन करत राहिले. शेवटी हॅमिल्टनच्या वृद्धाश्रमातली त्यांची आत्या सापडली. नाव तिलाही ठाऊक नव्हतं. पण तिच्या आजीनं सांगितलेलं एवढं तिला आठवत होतं, की ती बाई मरेपर्यंत इंग्रजी बोलली नाही आणि रोज सकाळी नवऱ्याला म्हणायची, "मूर्खा, कुठं आणून टाकलंस मला!"

हे सांगायला पाटील आमच्याकडे आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. मी आईला मराठीत सांगितलं. आई इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. "मीही म्हणायचे ह्याच्या बाबांना. रोज नाही, पण म्हणायचे." तेही मी सांगितलं. पाटील म्हणाले, "मार्गारेटला शहरात राहायचं होतं. तिला डुकरं आवडत नव्हती. मी कधी विचारलंच नाही."

त्यांच्या बायकोचं नाव आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पुढं आई परत गेली. पाटलांनी गोष्ट पुन्हा सुरू केली, पण आता वादळात योहान बोट वाचवत नसे. तो डेकवर ओकत असे आणि बायको त्याला शिव्या घालत असे. लोकांना ही गोष्ट जास्त आवडायची, आणि ते पाटलांना थोडं लागायचं.

पुढच्या वर्षी हार्ट अटॅकनं ते गेले. मुलगी कॅलगरीहून आली. दगडावर काय कोरायचं ते त्यांनी लिहून ठेवलं होतं, आणि ती जरा गोंधळलेली होती. वर मोठ्या अक्षरांत मार्गारेटचं नाव, तिच्या माहेरच्या आडनावासकट, एकही अक्षर न गाळता. खाली बारीक अक्षरांत: 'आणि तिचा नवरा'. त्यांचं स्वतःचं नाव कुठंच नव्हतं. "डॅड असा विनोद करणारा माणूस नव्हता," ती म्हणाली.

रात्री आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "वेडा माणूस. आता ह्यांचं नाव कोण सांगणार?" आणि मला म्हणाली, "तू लिहून ठेव."

म्हणून हे. त्यांचं नाव हर्बर्ट. आडनाव मला अजूनही नीट लिहिता येत नाही.