पीटरने सांगितलेलं आडनाव

ताईचा फोन सकाळी मँचेस्टरला, ऑफिसात आला. "पीटर गेला रे..." एवढंच म्हणाली. त्याला आता महिना होऊन गेला.

पीटर हॉलिंग, माझा मेहुणा. लाजाळू इंग्रज माणूस. ऐंशीच्या दशकात त्याचं आणि ताईचं लग्न झालं. बेसिंगस्टोकच्या त्यांच्या घरात एक जुना फोटो होता: दक्षिण अमेरिकेतल्या गयानातलं, नदीकाठचं, लाकडी खांबांवर उभं असलेलं पांढरं घर. पीटरच्या खापरपणजोबांनी बांधलेलं, भोवती त्यांचाच उसाचा मळा. आम्हा कांबळ्यांना त्याचं केवढं अप्रूप! बाबा ताईकडेच राहत. आल्यागेल्याला फोटो दाखवून म्हणत, "आमचे जावई मळेवाल्यांच्या घरातले." पीटर तेवढ्यात चहा ठेवायला उठून जायचा. त्या मळ्यात राबलेली माणसं आफ्रिकेतून विकत आणलेली होती, हे त्याला ठाऊक होतं. आम्ही कधी विचारलंच नाही.

नव्वद सालानंतर तो एकटाच ते घर बघून आला. एकदा माझ्यासमोर, जेवता जेवता बोलायला लागला. मळा केव्हाच विकलेला, घर मोडकळीला आलेलं. तिथे एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई राहत होत्या. त्यांनी त्याला जेवू घातलं, स्वतःचं नाव सांगितलं, मिसेस हॉलिंग. गुलामांना लावलेलं मालकाचं आडनाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं... मग त्यांनी त्याचं नाव विचारलं.

"मी कांबळे म्हणालो," पीटर पुटपुटला. "पीटर कांबळे."

मला हसू आलं. ताईला नाही. तिने ताट बाजूला सारलं. "बाबांनी शाळेत आडनाव लपवलं, कारण खरं सांगितलं की पाण्याच्या माठाला शिवू देत नव्हते. तू कशाला लपवलंस, पीटर? आणि तेही आमच्या नावाच्या आड?"

बाबाही तिथेच होते. फोटोकडे बघत ते हळूच म्हणाले, "आणि मी ते घर मिरवत होतो..."

पुढच्या वर्षी ताई आणि पीटर परत तिथे गेले. पायरीवर उभं राहून त्याने खरं नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, "मग गेल्या खेपेला मी कुणाला जेवू घातलं?"

बाईंनी दार लावलं नाही, पण आत या, असंही म्हटलं नाही. हे मला ताईने सांगितलं. पीटर त्याविषयी पुन्हा कधी बोलला नाही.

परवा ताईला फोन केला. ती बाहेर गेली असावी, आन्सरिंग मशीन लागलं. पीटरचाच आवाज... तिने तो अजून पुसलेला नाही. "धिस इज पीटर हॉलिंग." सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.

मी निरोप ठेवला नाही. थोड्या वेळाने पुन्हा फोन लावला.