करवंटीचा व्हिसा

जपानमध्ये, फुनाबोरीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे जपानी आजोबा विमानतळावर इमिग्रेशन अधिकारी होते. निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी इमारतीच्या कचऱ्यापाशी उभे असतात. आधी पिशवीकडे बघतात, मग पासपोर्टवरचा फोटो जुळवावा तसं माझ्या तोंडाकडे.

"आज फक्त जळणारा कचरा. बाटली परत न्या."

मी दोनदा हद्दपार झालेय.

परवा पुण्याहून आलेल्या सासूबाई नारळाची करवंटी टाकायला गेल्या. आजोबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि जपानीत विचारलं, "हे काय?"

भाषा न कळताही सासूबाई म्हणाल्या, "करवंटी."

एवढ्या नोकरीत असा प्रवासी त्यांनी पाहिला नसावा. ते करवंटी घेऊन घरी गेले.

आज कचऱ्यापाशी लावलेल्या फलकावर, जळणाऱ्या कचऱ्याच्या यादीत, त्यांच्या ठसठशीत अक्षरात एक नाव वाढलंय: कारुवान्ती.