जासूदकाकांचे मागणे

जासूदकाकांइतका सावकाश माणूस आमच्या दफ्तरात दुसरा नव्हता. ते बोरूला टोक काढायला बसले की तेवढ्यात आमची दोन पत्रे नकलून होत. कोणी घाई केलीच तर म्हणत, "पत्राला उत्तरेत पोचायला महिना लागणार. माझ्या घटकेनं काय बिघडतंय?" आणि हेच गृहस्थ चैत्रातल्या उत्सवात बातमी घेऊन दौडणाऱ्या जासुदाचे सोंग घेऊन नारायण पेठेतल्या रामाच्या देवळात असे धावत शिरत, की पुढे बसलेल्या बायका पोरांना पटकन मांडीवर ओढून घेत. त्या सोंगामुळे त्यांचे खरे नाव मागेच पडले.

उत्सवाच्या शेवटच्या दिवशी, उन्हे कलली की ललित उभे राही. एकेक सोंग येई, नकला करी आणि जाताना देवापाशी काही मागून जाई. सगळ्यांचे मागून झाल्याखेरीज उत्सव पार पडला असे कोणी मानीत नसे. मी खांबाला टेकून बसे. खरे सांगायचे तर माझे अर्धे लक्ष माणसांतच असे. कोणाचे पागोटे नवे, कोण तपकीर ओढून नेमका गाण्यात शिंकतो, कोणाला डुलकी लागली. काका आले की मात्र हे सगळे विसरायला होई. धापा टाकीत देवाला मुजरा करून ते ओरडत, "फत्ते झाली, महाराज! उत्तर सगळी जिंकली! आमच्या पेठेतल्या हौदाला पाणी मात्र अजून आलेलं नाही." मागून कोणी उशिरा शिरलेच तर त्यांच्याकडे वळून म्हणत, "या, या. आपण यायचे म्हणून रामजन्म खोळंबला होता."

त्यांचा एकुलता एक मुलगा विनायक नर्मदेपलीकडे लष्कराच्या छावणीत कारकून होता. चार महिने त्याचे पत्र नव्हते. छावणीकडून आलेली पत्रांची थैली उघडली की काका सगळ्यांच्या आधी जागेवरून उठत आणि त्याचे अक्षर शोधत. नसले की थैली परत करून म्हणत, "आळशी आहे. बापावर गेलाय."

त्या वर्षी ललिताच्या दिवशी काका सोंगाच्या तयारीला लवकर गेले आणि थैली माझ्या हातून उघडली गेली. विनायक छावणीत तापाने वारला होता. अक्षर परक्याचे होते.

मी तसाच देवळात गेलो. आधी भेटले ते देवळाचे वहिवाटदार. त्यांना सांगितले. ते म्हणाले, "कानावर पडलं की त्यांना सुतक. मग देवळात थांबता येणार नाही, ललित मोडेल. ऐकेपर्यंत काही नाही. त्यांचं मागणं होऊ द्या, मग सांगा." मी मान डोलावली. मनातून मला सुटल्यासारखेच वाटले, याची आजही लाज वाटते.

काका धावत आले. लोक हसले, मीही हसलो. न हसावे तर त्यांनी माझ्याकडे पाहिले असते. दरवर्षी ते मागत, "देवा, पुढच्या चैत्रात पळायला गुडघे दे." त्या दिवशी हात जोडून जरा थांबले.

"देवा, यंदा गुडघे राहू देत. इतकी वर्षं तुझ्या दारात खोट्या बातम्या आणल्या. आमच्या विनायकाची एक खरी बातमी मला ऐकव."

लोकांनी रामाचा जयजयकार केला. कोणी डोळे पुसले. पत्र माझ्या अंगरख्यात होते आणि मला उठता येईना.

ललित संपल्यावर मी त्यांना देवळाबाहेर पायरीवर बसवले आणि सांगितले. कसे सांगितले ते आठवत नाही. पत्र त्यांनी वाचले, पुन्हा वाचले, घडी घातली.

"मी मागत होतो तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"होतं, काका. अहो, वहिवाटदार म्हणाले..."

"त्यांचं राहू दे." ते देवळाकडे बघत होते. "मला नाही तर नाही, देवाच्या कानात तरी सांगून ठेवायचंस. एवढ्या लोकांत अवघडला असेल बिचारा."

त्यांना स्नानाला नदीवर जायचे होते. उठताना आधाराला त्यांनी माझाच खांदा धरला.