पऱ्हाटीची काडी

तुळशीरामभाऊ आपल्या एकुलत्या एका पुस्तकाला हात लावत नसत. वाचत मात्र रोज. खाटेवर उशीला टेकून बसायचे. पुढ्यात पत्र्याची पेटी, पेटीवर पुस्तक, आणि पेटीच्या पलीकडे त्यांची बायको सुभद्राबाई. भाऊंच्या हातात पऱ्हाटीची लांब काडी असे. ती ओळीवरून सरकवत ते मोठ्याने वाचायचे. पान संपलं की मान हलवायचे आणि सुभद्राबाई पान उलटायच्या. वाचन झालं की काडी चुलीत, दुसऱ्या दिवशी नवी. कपाशीच्या मुलखात पऱ्हाट्यांना काय तोटा!

मी तेव्हा मूर्तिजापुरात शाळेत शिकवायचे आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचे. भाऊ अचलपूरच्या लहान रेल्वेवर रूळ बदलणारे सांधेवाले होते. क्षयाने धरलं, अमरावतीच्या दवाखान्यात काही महिने काढले, आणि परत आले ते निम्मे होऊन. सुया घरीच चालू राहिल्या. दिवसभर पोरींवर ओरडून माझाही जीव मेटाकुटीला आलेला असे; संध्याकाळी त्यांच्या उंबऱ्यात टेकलं की बरं वाटायचं. आजारी माणसाच्या घरी विश्रांतीला जाणारी मीच एक असेन.

पुस्तकाला हात का लावत नाही, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“बाई, माया बापाले लोकं म्हनत, पोथीले शिवू नको. मी नागपूरले दीक्षा घेतली, हे पुस्तक आनलं, पोटभर शिवलो त्याले. आता मीच मले म्हनून राह्यलो, शिवू नको. रोग माया हाये, पुस्तक साऱ्याइचं हाये.” ते हसले आणि हसण्याचा खोकला झाला. खोकताना तोंडावर फडकं धरून भिंतीकडे वळायचे आणि एका हाताने बायकोला, मागे सर, अशी खूण करायचे.

पुस्तक बुद्धाच्या शिकवणीचं होतं. आधी त्रिशरण म्हणायचे, मग एखाददोन पानं. बरं कर, असं मागणं त्यांनी कधी मागितलं नाही. “पह्यल्याच पानावर सांगून टाकलं हाये, दुःख हाये म्हनून,” ते म्हणत. “लपवालपवी नाही. डागदर त रोज म्हन्ते, उद्या बरं वाटीन.” शेवटी पुस्तक मिटायला सांगून म्हणायचे, “आजच्यापुरतं झालं.” भाकर, सुई, श्वास, सगळ्यालाच त्यांचं तेच मोजमाप होतं. पुढे माझ्याही तोंडी ते बसलं.

एक काळजी मात्र त्यांना आतून खात होती. मूलबाळ नव्हतं आणि सुभद्राबाईंना अक्षरओळख नव्हती. “बाई, हिले दोन अक्षरं शिकवा. मी गेल्यावर हे पुस्तक मुकं होईन.” मी पाटी घेऊन गेले की सुभद्राबाईंना नेमकी भांडी घासायची आठवण व्हायची.

“काहून नाही शिकत?” भाऊ चिडायचे.

“मले नाही जमत थे. तुमी वाचा, मी आयकतो.”

एकदा विहिरीवर मीही चिडले. भरली घागर खाली ठेवून त्या म्हणाल्या, “बाई, मी शिकली का याइचं काम सरलं. काम सरलेला मानूस थांबते काय?” त्यानंतर मी पाटी घरीच ठेवली.

दुखणं दोन वर्षं रेंगाळलं. अकोल्याला छातीचा फोटो काढायला जा, परत या, पुन्हा जा. आजारी माणसाला कंटाळा आला तर तो बोलून तरी दाखवता येतो. त्याचं करणाऱ्याला तीही सोय नसते. सुभद्राबाई बसल्या बसल्या पेंगायच्या. मला त्या दोघांची कीव यायची आणि कधी कधी, खरं सांगायचं तर, उंबऱ्याशी जायचाही कंटाळा यायचा.

शेवटच्या थंडीत भाऊंचा आवाज गेला. नुसती काडी सरकायची. एका संध्याकाळी काडीही मांडीवर गळून पडली. ते डोळ्यांनीच वाचत होते. मान हलली नाही, ओठ हलले नाहीत, तरी पान संपताच सुभद्राबाईंनी ते उलटलं. भाऊ त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. सुभद्राबाईंची नजर खाली, पुस्तकात. मी निघताना भाऊ मला खरखरत म्हणाले, “बाई, आता हिले शिकवा म्हनून तुमाले तरास देत नाही.” मला वाटलं, थकले बिचारे, आशा सोडली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ते गेले. लोकांची ये-जा थांबल्यावर मी एका संध्याकाळी डोकावले. खाट रिकामी होती. पेटीवर पुस्तक, आणि सुभद्राबाई आपल्या नेहमीच्या जागी. पुस्तकाचं तोंड खाटेकडे. माझा मास्तरकीचा हात; मी ते फिरवून त्यांच्या बाजूला सुलटं केलं. त्यांनी ते परत होतं तसं केलं.

“राहू द्या, बाई. मले असंच वाचता येते.”

चुलीजवळची एक काडी घेऊन त्या वाचू लागल्या. उलट्या अक्षरांवरून, अडखळत, शब्द तोडत, पण पान पुरं केलं. दोन वर्षं समोर बसून ती काडी त्यांनी डोळ्यांनी धरून ठेवली होती.

“मग त्यांना सांगितलं का नाही हो?”

“सांगतलं असतं त ते मोकळे झाले असते. मले त्याइले मोकळं होऊ द्याचं नव्हतं.” पदर तोंडाशी नेत त्या म्हणाल्या, “घोर घेऊन गेले, बाई. माया पायी.”

तेव्हा मला ती संध्याकाळ आठवली. गळून पडलेली काडी, आपोआप उलटलेलं पान आणि भाऊंचं ते बघणं. मी त्यांना सगळं सांगितलं. “त्यांना कळलं होतं, सुभद्राबाई. म्हणूनच मला सांगणं सोडलं.”

त्यांनी काडी पुस्तकावर आडवी ठेवली. मग हळूच विचारलं, “आन् तरी वाचाले बसत राह्यले?”

“रोज,” मी म्हटलं.