वाटीतला दात

खो-खो खेळताना पाचवीतली सायली खांबावर आपटली आणि तिचा पुढचा दात मुळासकट मातीत पडला. मी धावत पोहोचले, तोवर मैत्रिणींनी तो मुळाला हात न लावता उचलून आम्हा शिक्षकांच्या चहाच्या दुधाच्या वाटीत ठेवलाही होता.

गेल्याच महिन्यात मी वर्गात विचारलं होतं, "दात पडला तर काय कराल?"

"कौलांवर फेकू!" सगळा वर्ग ओरडला होता. तेव्हा सांगितलं होतं, दुधाचे दात खुशाल कौलांवर टाका; पक्का दात मात्र दुधात ठेवून लगेच डॉक्टरांकडे न्यायचा. तो पुन्हा बसू शकतो.

शिकवल्याने भीती पळत नाही. पण हातांना काम मिळालं, की ती गुमान बाजूला उभी राहते.

रिक्षात बसल्यावर सायलीने तोंडावरचा रुमाल जरा हलवला. "बाई, वाटी माझ्याकडे द्या. तुमचे हात थरथरताहेत."