तिला कुठं येतं

उकडलेल्या हरभऱ्यावर हिंग आणि ओलं खोबरं पडलं की मला वारूळवाडीतलं ते तमिळ घर आठवतं. माझी आई तिथं धुणीभांडी करायची. दुपारी भांडी घासताना ती जात्यावरच्या ओव्या म्हणायची आणि घरच्या बाई टीव्ही बंद करून, कॉफीचा पेला घेऊन मोरीच्या दारात ऐकत बसायच्या. “अजून एक म्हण,” म्हणायच्या. नवरात्रात त्यांच्याकडे पायऱ्यांवर बाहुल्या मांडत, आणि बघायला आलेल्या बाईनं बाहुल्यांपुढं एक गाणं म्हणायचं अशी रीत. एका वर्षी मी दसऱ्यासाठी माहेरी आले होते, म्हणून आईच्या हाताखाली गेले. एकेक बाहुली आईनंच पुसून मांडली होती. संध्याकाळी बायकांची गाणी झाली. हरभऱ्याच्या वाट्या घेऊन आई बाहेर आली, तशी एक म्हातारी पाहुणी म्हणाली, “आता हिला म्हणू द्या.” आईनं ताट खाली ठेवलं, पदर सारखा केला. तेवढ्यात बाई हसून म्हणाल्या, “तिला कुठं येतं? कामाला आहे ती.” आईनं ताट उचललं. घरी येताना मी रस्ताभर धुसफुसत होते. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच बाई पेला घेऊन मोरीच्या दारात आल्या. “आज गाणं नाही?” आई कढई घासत म्हणाली, “मला कुठं येतंय, मॅडम.” बाई “बरं” म्हणाल्या आणि टीव्ही लावायला आत गेल्या. त्या ‘बरं’वर माझं टाळकं आजही सटकतं.