आवाजाची जागा

वाचा जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं, तेव्हा शिंप्याच्या बायकोने आपला आवाज कंप्युटरमध्ये भरून ठेवला. धाकटी बहीण शब्द सांगत होती, ती म्हणत होती, आणि शिंपी पठ्ठ्या समोर उभा राहून वाकुल्या दाखवत होता. त्यामुळे ‘पाणी’पासून ‘दुखतंय’पर्यंत सगळे शब्द हसू दाबतच म्हटले गेले. पुढे तिचं एक बोट तेवढं हलतं उरलं. बोटाखाली बटण असायचं. पडद्यावर शब्द फिरायचे, हवा तो आला की ती दाबायची आणि घरात तिचा आवाज उमटायचा. मशीनवर पाय मारता मारता शिंपी तिच्याशी भांडायचासुद्धा.

मग तो कंप्युटर जळला. आतली डिस्क तेवढी वाचली.

मेहुणीने ऑफिसातून काढून टाकलेला दुसरा आणून दिला, तर त्याची सिस्टीमच वेगळी. जुना प्रोग्राम त्यावर उघडेना. तो बनवणाऱ्यांनी दुकान केव्हाच गुंडाळलेलं. नवा घ्यावा तर आवाज नव्याने भरा. आता कुठून भरणार, कपाळ!

शिंप्याच्या तोंडचं पाणी पळालं. गिऱ्हाइकांचे कपडे तसेच पडून राहिले. तो एकेक विचारायचा, हो असेल तर ती बोट हलवायची.

“दुखतंय? पाय?”

बोट हलायचं. तो पाय चोळायचा. बोट पुन्हा हलायचं. चादर, पंखा, खिडकी, सगळं विचारून तो रडकुंडीला यायचा. तिचेही डोळे वाहायचे. शेवटी तो न विचारताच तिला डाव्या कुशीवर वळवून द्यायचा. लग्नापासून ती तशीच निजायची, त्याच्याकडे तोंड करून. एवढं तरी तिच्या मनासारखं होतंय, असं त्याला वाटायचं.

एका सिस्टीमचा प्रोग्राम दुसरीवर चालवून देणारा एक मध्यस्थ प्रोग्राम मेहुणीने कुठूनसा शोधला. पडद्यावर जुनी खिडकी उघडली, शब्द फिरू लागले, पण आवाज म्हणून नाही. शिंपी डोकं धरून खाली बसला.

“भावोजी, हा प्रोग्राम आवाज जुन्या जागी शोधतोय. इथे ती जागाच नाही.”

“मग इथल्याच एका जागेवर जुनी पाटी लाव ना! त्याला काय कळतंय?”

मेहुणीने जुन्या डिस्कवरचे शब्द आणून ठेवले आणि त्या जागेला जुनंच नाव दिलं. शिंप्याने बायकोच्या बोटाखाली बटण सरकवलं.

“बोल गं. शिव्या दे, पण बोल.”

“डावी,” कंप्युटर म्हणाला. तिचाच आवाज! मेहुणीला हुंदका आवरेना.

“कूस,” ती म्हणाली. मग, “नको.”

शिंप्याने तिचा डावा खांदा नुसता धरला, तर तिने डोळे गच्च मिटून घेतले.

“अगं, कधीपासून?”

शब्द फिरत राहिले.

“रोज,” ती म्हणाली. “दुखतंय.”

त्याच्या वाकुल्यांवरचं हसू अजून त्या शब्दात होतं.